काचेतला ताण आणि प्रकाशाची साक्ष

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत निजामपुरा, वडोदरा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वडोदऱ्याच्या मांडवीजवळील मध्यवर्ती ग्रंथालयाच्या पुस्तकांच्या दालनात जाऊन आलेला वाचक तेथील एक गोष्ट सहसा विसरत नाही. तेथील मजल्यांची जमीन काचेची आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये या ग्रंथालयाचा पाया घातला, अमेरिकेहून आलेल्या विल्यम बॉर्डन यांनी त्याची घडी बसविली आणि १९३१ मध्ये ते आजच्या वास्तूत आले. तेथील पोलादी मांडण्या आणि काचेची जमीन अमेरिकेतील स्नेड कंपनीची. वरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत झिरपावा आणि आगीचे भय कमी व्हावे, ही त्यामागील दृष्टी. हातातून पडले की फुटणारा पदार्थ म्हणून जो आपल्या परिचयाचा, त्याच पदार्थावर वाचक निर्धास्तपणे उभा राहतो आणि पुस्तक चाळतो. हा विश्वास कशाच्या बळावर टाकावयाचा, हा आजच्या व्याख्यानाचा मूळ प्रश्न आहे.

मराठी भाषेने काचेला नाजूकपणाचे प्रतीक मानले आहे. मनाला तडा जातो, अब्रू काचेच्या भांड्यासारखी जपावी लागते. पण पदार्थविज्ञान थोडे निराळे सांगते. चेपली जात असताना काच विलक्षण बळकट असते. ती दुबळी ठरते ती ओढली जात असताना. तिच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे असंख्य बारीक ओरखडे असतात. पृष्ठभागावर ओढ पडली की यांतील एखादा ओरखडा उघडतो, वाढतो आणि क्षणार्धात काच दुभंगते. या ओढीला येथे ‘खेच’ म्हणू, चेपण्याला ‘दाब’ म्हणू आणि दोहोंना मिळून ‘ताण’ हा शब्द वापरू. बाहेरून कोणीही हात लावलेला नसताना, काच नुसती टेबलावर ठेवलेली असतानाही तिच्या पोटात जो ताण शिल्लक असतो, त्याला शास्त्रज्ञ ‘अवशिष्ट ताण’ म्हणतात.

हा ताण येतो कोठून? तो काचेच्या जन्मातूनच येतो. भट्टीतून निघालेली काच मधासारखी चिकट असते. ती निवू लागली की प्रथम तिची त्वचा निवते आणि ताठ होते. पोट अजून तापलेले आणि मऊ असते. पुढे पोटही निवते आणि आकसू पाहते, परंतु ताठरलेली त्वचा त्याला पुरते आकसू देत नाही. परिणामी पोटात खेच राहते आणि त्वचेत दाब राहतो. काच सर्वत्र सारख्या जाडीची असेल आणि सर्व बाजूंनी सारखी निवली असेल, तर या ताणाची मांडणी निदान नेटकी तरी असते. पण बाटलीचा तळ जाड, अंग पातळ आणि गळा निराळा. प्रत्येक भाग आपापल्या गतीने निवतो आणि ताण अस्ताव्यस्त विखुरतो. एखाद्या ठिकाणी तर खेच थेट पृष्ठभागावर येऊन बसते. अशी काच घरी येईपर्यंत धड राहते आणि एके दिवशी गरम दूध ओतताच तडकते. दोष दुधाला दिला जातो.

ज्यांनी कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला, त्या पिढीला हे सांगावयास नको. पावसाचा एक थेंब तापलेल्या काचेवर पडला की टचकन आवाज होऊन चीर जात असे. महाराष्ट्रात स्वदेशी काचधंद्याची उभारणी झाली ती याच वस्तूंभोवती. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडातून, लोकमान्य टिळकांच्या पाठबळाने, १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचकारखाना निघाला. जपान व अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तेथे ही विद्या शिकविली. पुढे १९१६ मध्ये कराडजवळ ओगले बंधूंचा कारखाना उभा राहिला. त्याच्यामुळे त्या वस्तीला ओगलेवाडी हे नाव मिळाले आणि ‘प्रभाकर’ कंदील घरोघर पोहोचला. कंदिलाची काच बनविणे म्हणजे केवळ फुंकून आकार देणे नव्हे. एका बाजूने ज्योतीची धग आणि दुसऱ्या बाजूने वाऱ्याचा गारवा सोसणारी काच बनविणे, हे खरे काम होते.

कित्येक घरांत नवी चिमणी पाण्यात ठेवून हळूहळू उकळीत आणि तशीच निवू देत. तिने काच पक्की होते, अशी समजूत होती. शास्त्राच्या दृष्टीने उकळत्या पाण्याच्या १०० अंश उष्णतेने काचेतला ताण हलतसुद्धा नाही. त्यासाठी साध्या सोडा-चुना काचेला सुमारे ५५० अंश सेल्सियसपर्यंत तापवावे लागते. मग त्या घरगुती रिवाजात काहीच अर्थ नव्हता काय? एक अर्थ निश्चित होता. ज्या चिमणीत घातक ताण होता ती बहुधा पातेल्यातच तडके, आणि उरलेली कंदिलावर चढे. म्हणजे ते काच पक्की करणे नव्हते, ती काचेची परीक्षा होती. मात्र या परीक्षेत नापास होणारी वस्तू नष्ट होत असे, आणि पास होणारी वस्तू किती गुणांनी पास झाली हे कोणालाच कळत नसे.

ताण घालविण्याचा खरा उपाय म्हणजे अनुशीतन. तयार वस्तू लेहर नावाच्या लांबलचक भट्टीतून सावकाश पुढे सरकते. प्रथम ती सर्वत्र सारखी तापते, मग काही काळ त्याच उष्णतेवर राहते आणि त्यानंतर बेताबेताने निवते. योग्य उष्णतेवर साधारण पंधरा मिनिटांत ताण विरून जातो. उष्णता तीसचाळीस अंशांनी कमी पडली, तर त्याच कामाला चार तास लागतात. जाडी दुप्पट झाली, तर निवण्याची गती चौथाईवर आणावी लागते. १९३४ मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग येथे पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीसाठी २०० इंच व्यासाची काचेची तबकडी ओतली गेली. ती निवविण्यास सुमारे दहा महिने लागले. काचेला घाई सोसत नाही. कारखान्याच्या मालकाला मात्र घाई असते, कारण लेहरमधील प्रत्येक मिनिटाला इंधन जळते. गुणवत्ता आणि खर्च यांची ओढाताण येथेच सुरू होते, आणि म्हणूनच अनुशीतन खरोखर पुरे झाले की नाही हे काच न फोडता सांगणारा साक्षीदार हवा असतो.

हा साक्षीदार म्हणजे प्रकाश.

साधा प्रकाश आपल्या मार्गाला काटकोनात असलेल्या सर्व दिशांनी कंप पावतो. काही स्फटिकांतून किंवा विशिष्ट पटलांतून तो नेला, तर एकाच दिशेचे कंप पलीकडे येतात. अशा प्रकाशाला ध्रुवित प्रकाश म्हणतात. आता त्याच्या वाटेत तसेच दुसरे पटल काटकोनात धरले, तर प्रकाश अडतो आणि पूर्ण अंधार होतो. या दोन पटलांच्या मध्ये ताणरहित काच ठेवली, तरी अंधार कायम राहतो. परंतु ताण असलेली काच ठेवताच त्या अंधारात उजेडाचे पट्टे आणि रंग उमलतात.

डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८१५ च्या सुमारास हे पाहिले आणि त्याचा अर्थ लावला. मुलांच्या हातातील शोभादर्शक नळी, म्हणजे कॅलिडोस्कोप, हीसुद्धा त्याचीच देणगी. ताणलेली काच काही अंशी स्फटिकासारखी वागते. तिच्यात शिरलेल्या प्रकाशाचे दोन भाग होतात. एक खेचेच्या दिशेने कंप पावतो, दुसरा तिच्या काटकोनात. दोघांची गती किंचित भिन्न असते. काचेतून बाहेर पडताना एक पुढे आणि एक मागे असतो. हे अंतर जितके अधिक, तितका ताण अधिक.

या शोधाची मोहिनी जेम्स क्लार्क मॅक्सवेलला फार लहान वयात पडली. १८४७ मध्ये, पंधरासोळा वर्षांचा असताना, त्याने एडिंबरोत विल्यम निकोल या वृद्ध संशोधकाची प्रयोगशाळा पाहिली. घरी येऊन त्याने काचेचे तुकडे तापवून एकदम निवविले, ध्रुवित प्रकाशात त्यांची रंगीत नक्षी न्याहाळली आणि ती जलरंगांत उतरवून निकोलला पाठविली. प्रसन्न होऊन निकोलने त्याला स्वतः घडविलेले दोन लोलक भेट दिले. पुढे १८५० मध्ये मॅक्सवेलने स्थितिस्थापक पदार्थांतील ताणावर जो निबंध वाचला, त्यात या प्रयोगांचा उपयोग केला. पुढे प्रकाशाचे विद्युतचुंबकीय स्वरूप मांडणारा महान शास्त्रज्ञ आरंभी बिघडलेल्या काचेच्या रंगांत रमला होता, हे मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

रंग पाहणे हे कौतुक झाले; मोजणे हे शास्त्र. ते मोजमाप कसे चालते हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. दोन प्रकाशभागांतील अंतर तीन गोष्टींच्या गुणाकाराने मिळते: काचेचा प्रकाश-ताण गुणांक, प्रकाशाने काचेत केलेला प्रवास, आणि दोन मुख्य दिशांतील ताणांचा फरक. हा गुणांक ज्या एककात सांगतात त्याला ‘ब्रूस्टर’ असेच नाव आहे. साध्या काचेसाठी तो सुमारे २.७ ब्रूस्टर असतो. समजा काच ५ मिलिमीटर जाड आहे आणि तीत १० मेगापास्कल ताण आहे, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १०० किलो वजनाचा भार. तर अंतर येते १३५ नॅनोमीटर. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी ५८९ नॅनोमीटर, म्हणजे हे अंतर एका तरंगाच्या चौथाईहूनही कमी. आणि तरीही ते मोजता येते.

मोजण्याच्या रीती दोन. पहिलीत एक रंगपट्टी वापरतात. ती स्वतःच सुमारे ५६५ नॅनोमीटरचे अंतर घालते, त्यामुळे सगळे क्षेत्र जांभळट किरमिजी दिसते. या रंगाचे वैशिष्ट्य असे की, अंतरात अल्पसा फरक पडला तरी तो एका बाजूस निळ्याकडे आणि दुसऱ्या बाजूस नारिंगी-पिवळ्याकडे झुकतो. ताण आहे हे त्यावरून कळतेच, शिवाय तो खेचेचा की दाबाचा हेही पारखता येते. दुसरी रीत फ्रेंच शास्त्रज्ञ सेनार्मां याच्या नावाने ओळखली जाते. तीत तरंगाच्या चौथाईइतके अंतर घालणारी पट्टी बसवून पुढचे पटल हळूहळू फिरवितात. तपासावयाचा ठिपका काळा झाला की थांबावयाचे आणि किती अंश फिरविले ते वाचावयाचे. पिवळ्या प्रकाशात प्रत्येक अंशाला सुमारे ३.३ नॅनोमीटर. शाळेतल्या कोनमापकाइतकेच साधे वाचन, पण त्यातून काचेच्या पोटातली गोष्ट आकड्यांत उतरते.

वडोदऱ्याचा या विषयाशी असलेला संबंध येथे सांगावयास हवा. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती कलाभवन सोपविले. त्याच परंपरेतून १९०७ मध्ये गज्जर, कोटीभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांच्या प्रयत्नांनी ॲलेंबिक केमिकल वर्क्स उभे राहिले. औषध बनविणाऱ्याला बाटली लागतेच. या समूहाने पुढे काचेचा कारखानाही काढला, आणि ‘येरा’ या नावाचे काचसामान घराघरांत गेले. निजामपुऱ्यातील आणि आसपासच्या वसाहतींतील अनेक मराठी कुटुंबांची उपजीविका वडोदऱ्याच्या औषध, रसायन आणि खत उद्योगांत झाली. त्यांच्या दृष्टीने काचेतला ताण हा केवळ पुस्तकी विषय नव्हता.

बाटल्यांच्या कारखान्यात तपासनीस बाटलीच्या तोंडातून तळाकडे पाहतो. खाली ध्रुवित प्रकाश असतो. तुलनेसाठी त्याच्याजवळ प्रमाणित काचेच्या चकत्या असतात. प्रत्येक चकती २२.८ नॅनोमीटरचे अंतर दाखविते. एक, दोन, तीन अशा चकत्या रचीत जावयाचे आणि तळाचा रंग कितव्या चकतीशी जुळतो ते पाहावयाचे. जाड तळ तेवढ्याच ताणाला अधिक गडद रंग दाखवितो, म्हणून हे वाचन ४.०६ मिलिमीटर या ठरावीक जाडीवर आणतात. साधारणपणे चार क्रमांकापर्यंतची बाटली चालते, त्यापुढे लेहर तपासावी लागते. तळपट्टीवर उभे राहून तासन्‌तास रंग पारखणाऱ्या त्या माणसाचे नाव कोणत्याही बाटलीवर छापलेले नसते. पण इंजेक्शनच्या कुपीच्या गळ्याशी ताण राहून गेला आणि केसाएवढी चीर पडली, तर आतील औषध निर्जंतुक राहत नाही. औषधशास्त्रज्ञाची सारी दक्षता तेथे व्यर्थ जाते. रोगी आणि जंतू यांच्यामध्ये त्या कामगाराची नजर उभी असते.

येथवर ताण हा काचेचा शत्रू असल्यासारखे वर्णन झाले. पण गोष्टीची दुसरी बाजूही आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये ‘राजपुत्र रूपर्टचे थेंब’ या नावाने एक नवल गाजले. वितळलेल्या काचेचा थेंब थंड पाण्यात सोडला की शेपटीवाला बिंदू तयार होतो. त्याच्या डोक्यावर हातोडी मारली तरी तो फुटत नाही, आणि शेपटीचे टोक मोडले की सगळा थेंब पिठासारखा उधळतो. रॉबर्ट हुकने १६६५ मध्ये आपल्या ग्रंथात या थेंबांची चर्चा केली. प्रत्यक्ष ताण किती, याचे उत्तर मात्र अगदी अलीकडे मिळाले. एस्टोनियातील हिलार आबेन, केंब्रिजचे मुनावर चौधरी आणि अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचे श्रीनिवासन चंद्रशेखर यांनी ध्रुवित प्रकाशाच्याच साहाय्याने तो मोजला. त्वचेतील दाब ७०० मेगापास्कलपर्यंत असल्याचे त्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. ओरखडा उघडण्यासाठी खेच लागते, आणि ही त्वचा इतक्या दाबाखाली असते की ओरखड्यांना उघडताच येत नाही.

मोटारीच्या बाजूच्या खिडक्या, दुकानांची दारे आणि जिन्यांचे कठडे यांसाठी वापरली जाणारी कडक काच, म्हणजे टफन्ड ग्लास, याच तत्त्वावर बनते. सुमारे ६२० ते ६५० अंशांपर्यंत तापविलेल्या काचेवर दोन्ही बाजूंनी हवेचे झोत सोडतात. त्वचेत दाब आणि पोटात त्याच्या सुमारे निम्मी खेच जाणूनबुजून कोंडली जाते. अमेरिकी मानकाप्रमाणे त्वचेतील दाब किमान ६९ मेगापास्कल हवा. अशी काच साध्या काचेच्या कितीतरी पट बळकट असते, आणि फुटलीच तर सुरीसारख्या फाका न होता तिचे बारीक बोथट दाणे होतात.

मात्र हिची परीक्षा अवघड असते. कडक काचेतून सरळ आरपार पाहिले तर ध्रुवित प्रकाश जवळजवळ काहीच सांगत नाही, कारण काचेच्या पातळीत सर्व दिशांचा ताण सारखा असतो आणि दाब व खेच एकमेकांची वजाबाकी करून टाकतात. पूर्वी नमुन्याची काच फोडून तुकडे मोजणे हाच मुख्य मार्ग होता. युरोपीय मानकानुसार ४ ते १२ मिलिमीटर जाडीच्या काचेत ५० मिलिमीटर चौरसात किमान ४० तुकडे व्हावयास हवेत. पण फोडलेली काच दाराला बसविता येत नाही आणि बसविलेली काच फोडता येत नाही. यावर तोड निघाली ती विखुरलेल्या प्रकाशाची. लेसरचा ध्रुवित किरण काचेत तिरपा सोडला, तर वाटेत प्रत्येक खोलीवर थोडा प्रकाश विखुरतो. ताणामुळे त्याची तीव्रता खोलीगणिक कमीजास्त होते. या चढउतारांवरून त्वचेपासून पोटापर्यंत ताणाचा आलेख मांडता येतो. या तत्त्वाचा मार्ग १९३९ मध्ये वेलर याने दाखविला होता. आज हातात मावणारे उपकरण बसविलेल्या काचेवर टेकवून हे मोजमाप करता येते.

या मोजमापालाही मर्यादा आहेत, हे सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. काचेत निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण राहून गेला, तर तो वर्षानुवर्षे हळूहळू फुगतो आणि एखाद्या दुपारी कोणी स्पर्शही न करता कडक काच आपोआप फुटते. ताण मोजणारे यंत्र या कणाचा इशारा देत नाही. त्यासाठी काच बसविण्यापूर्वी काही तास तापवीत ठेवून कच्ची काच कारखान्यातच फुटू द्यावी लागते. पातेल्यातल्या चिमणीचीच ही सुधारलेली आवृत्ती. एक परीक्षा दुसरीची जागा घेत नाही.

सभासदांनी यातले थोडेसे स्वतः पाहावे. संगणकाच्या एलसीडी पडद्यातून ध्रुवित प्रकाशच बाहेर येतो. पडदा पांढरा ठेवून त्यापुढे प्लास्टिकची पारदर्शक पट्टी धरावी आणि पोलरॉइड चष्म्यातून, चष्मा फिरवीत, पाहावे. पट्टीत साच्यातून निघताना कोंडलेला ताण इंद्रधनुष्यासारखा उमटतो. असाच चष्मा लावून मोटारीची मागची काच आकाशाच्या उजेडात पाहिली, तर तीवर ठिपक्यांची नक्षी दिसते. हवेचे झोत जेथे जेथे लागले त्यांच्या त्या खुणा.

गेल्या काही दशकांत वडोदऱ्यात काचेच्या दर्शनी भिंती, दारे आणि कठडे झपाट्याने वाढले. कडक काच आणि साधी काच डोळ्यांना सारखीच दिसते. दुकानदाराचा शब्द आणि कोपऱ्यातील शिक्का यांवर ग्राहक समाधान मानतो. शाळा, दवाखाना, सोसायटी किंवा ग्रंथालय, जेथे मुलेबाळे वावरतात तेथे काच बसविताना दोन प्रश्न विचारण्याचा संकोच नसावा: हिच्या त्वचेतील दाब किती मेगापास्कल, आणि तो कोणी, केव्हा मोजला? उत्तर आकड्यात आणि लेखी मिळाले पाहिजे. हे प्रश्न आपल्या भाषेत विचारता यावेत एवढे ज्ञान सामान्य वाचकाच्या हाती देणे, हे ग्रंथालयाचे काम आहे. कलाभवन आणि गावोगावची वाचनालये एकाच राज्यात, एकाच राजाने उभारली, ती याच समजुतीने. शंभर वर्षे पुस्तके जपणाऱ्या या संस्थेने पुढील काळात विज्ञानाच्या मराठी पुस्तकांचे कपाटही तितक्याच आस्थेने भरावे, ही सदिच्छा व्यक्त करून हे व्याख्यान येथे पूर्ण होते.